पबमध्ये वीस मिनिटे बोलायचे असेल तर

लंडनमध्ये पिण्याच्या पाण्यातील जिवाणूंवर संशोधन करणाऱ्या एका मराठी भगिनीने विचारले आहे की, एका पबच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी होणाऱ्या व्याख्यानासाठी त्यांना बोलावणे आले आहे. वेळ वीस मिनिटांची असून विज्ञान आणि इतिहास यांतील काहीतरी नवलाचे सांगावे अशी आयोजकांची अपेक्षा आहे. हातात बिअरचे ग्लास घेऊन बसलेले लोक खरोखर ऐकतात का, त्यांच्यासाठी विषय किती सोपा करावा, आणि आपण स्वतः मद्य घेत नसल्यास तिथे अवघडल्यासारखे होईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी गेली बारा वर्षे याच शहरात अशा संध्याकाळी आयोजित करीत आलो आहे आणि वक्त्यांची तयारीही करून घेतो. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहितो आहे.

लोक ऐकतात, आणि मन लावून ऐकतात. दिवसभर काम करून, तिकीट काढून, पाऊस असला तरी तासभर प्रवास करून आलेला माणूस केवळ पिण्यासाठी आलेला नसतो, कारण त्यासाठी त्याच्या घराजवळही पब असतोच. त्यामुळे विषय सोपा करण्याच्या नादात तो पातळ करू नका. सोपा करण्याऐवजी तो अरुंद करा, एवढेच माझे मुख्य सांगणे आहे. 'पाण्यातील जिवाणू' हा विषय वीस मिनिटांत मावत नाही, पण एका पंपाची, एका आठवड्याची आणि एका शंकेची गोष्ट मावते, आणि तिच्यात शास्त्राचा एकही कोपरा घासून गुळगुळीत करावा लागत नाही.

या प्रकाराचा उगम ठाऊक असला तर त्याच्या मर्यादाही कळतात. मार्क सोते यांनी १९९२ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत तत्त्वज्ञानाच्या खुल्या चर्चा सुरू केल्या. त्यावरून प्रेरणा घेऊन दूरचित्रवाणी निर्माते डंकन डॅलस यांनी १९९८ मध्ये लीड्स येथे 'कॅफे सायंटिफिक' सुरू केले. बॉस्टनमध्ये २००३ मध्ये ख्रिस बालकृष्णन या पक्षिसंशोधकाने 'नर्ड नाइट' सुरू केली, ती आफ्रिकेतील आपल्या कामाच्या हकिकती बारमधील ओळखीच्या मंडळींना सांगता सांगता. प्रवीण पॉल आणि मायकल मॉत्सकिन या इम्पीरियल कॉलेजमधील दोन संशोधकांनी २०१२ मध्ये पार्किन्सन, अल्झायमर यांसारख्या आजारांचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना प्रयोगशाळा दाखवायला बोलावले. लोकांना प्रयोगशाळेत आणता येते तर संशोधकांना लोकांच्या बैठकीत का नेऊ नये, या विचारातून २०१३ मध्ये लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे 'पाइंट ऑफ सायन्स' हा महोत्सव भरला. या सर्वांत समान गोष्ट एकच आहे: वक्ता आणि श्रोता एकाच उंचीवर बसतात आणि बोलणे संपल्यावर वक्ता निघून जात नाही. तुम्हाला नेमकी त्याचीच तयारी करायची आहे.

तुमच्या कामाला जोडून घेण्यासारखी सर्वांत चांगली कथा तुमच्या पबपासून फार तर काही मैलांवर घडलेली आहे. ती सोहोतील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्रीपासून त्या वस्तीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ उसळली. सुमारे दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली आणि साथ ओसरेपर्यंत मृतांची संख्या ६१६ झाली. जॉन स्नो या डॉक्टरांनी घरोघरी चौकशी करून त्या रस्त्यावरच्या सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. ही कथा लंडनमधील निम्म्या श्रोत्यांना शाळेपासून माहीत असते, म्हणून अनेक वक्ते ती टाळतात. माझ्या मते ती घ्यावी, कारण लोकांना माहीत असलेली आवृत्ती बऱ्याच ठिकाणी चुकीची आहे आणि खरी आवृत्ती तिच्याहून कितीतरी अधिक रंजक आहे.

लोकांच्या मनातील चित्र असे असते की स्नो यांनी मृत्यूंचे ठिपके नकाशावर मांडले, ठिपके पंपाभोवती दाटलेले पाहिले, दांडा काढला आणि साथ थांबली. वस्तुतः पटकी पाण्यातून पसरते हे मत त्यांनी १८४९ मध्येच छापून प्रसिद्ध केले होते, आणि तो प्रसिद्ध नकाशा साथ ओसरल्यानंतर, आपले म्हणणे पटवून देण्यासाठी तयार झाला. दांडा निघाला तेव्हा साथ उतरणीला लागलेलीच होती, कारण जे पळून जाऊ शकत होते ते वस्ती सोडून गेले होते. हे स्वतः स्नो यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. मग त्यांचा पुरावा कशात होता? तो विसंगतींत होता, आणि तुमची वीस मिनिटे त्या विसंगतींवर उभी राहिली पाहिजेत.

पहिली विसंगती पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाउसची, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणाऱ्या संस्थेची. तिथे ५३५ माणसे दाटीवाटीने राहत होती आणि भोवतालच्या घरांतून प्रेते निघत होती, तरी तिथे पटकीने अवघे पाच जण गेले. साथ जर दूषित हवेतून येत असेल, जसे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत, तर ती हवा वर्कहाउसच्या भिंतीपाशी थांबली कशी? त्या संस्थेची स्वतःची विहीर होती. दुसरी विसंगती याच्या अगदी उलट आहे. हॅम्पस्टेड हे कित्येक मैल दूरचे, उंचावरचे, निरोगी उपनगर, आणि तिथे एक वृद्ध विधवा पटकीने मरण पावली. तिच्या मुलांचा ब्रॉड स्ट्रीटवर कारखाना होता. पूर्वी ती तिथेच राहिलेली असल्याने त्या पंपाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडत असे की रोज एक मोठी बाटली भरून गाडीतून तिच्याकडे पोहोचवली जाई. तेच पाणी प्यायलेली तिची इस्लिंग्टनची पुतणीही गेली. पंपाच्या दारातले लोक वाचतात आणि मैलोन्‌मैल दूरची बाई मरते, हे दोन्ही एकाच कारणाने समजते, हे श्रोत्यांना स्वतः उमगले पाहिजे. म्हणून वर्कहाउस सांगून झाल्यावर लगेच विहिरीचा उलगडा करू नका. दोन्ही कोडी समोर ठेवा, चार सेकंद थांबा आणि मग बाटलीवर या. मी अनेकदा पाहिले आहे की त्या चार सेकंदांत मागच्या टेबलावरचा कोणीतरी 'पाणी!' असे पुटपुटतो, आणि त्यानंतर ती खोली तुमची असते.

तिसरी विसंगती पबमध्ये हमखास दाद मिळवणारी आहे, पण तीच सर्वांत जपून सांगायची आहे. त्याच रस्त्यावर बिअरचा एक कारखाना होता. तिथे सत्तरहून अधिक कामगार होते आणि त्यांच्यापैकी कोणीही पटकीने दगावले नव्हते. मालक श्री. हगिन्स यांनी स्नो यांना सांगितले की कामगारांना ठराविक बिअर मिळत असे आणि आपल्या मते ते पाणी पीतच नसत. 'बिअरने प्राण वाचवले' हे वाक्य इथे जिभेवर येते आणि टाळ्याही घेऊन जाते. परंतु त्याच कारखान्यात स्वतःची खोल विहीर होती आणि नळाचे पाणीही होते, असेही स्नो यांनी नोंदवले आहे. म्हणजे वाचवले ते ब्रॉड स्ट्रीटचे पाणी पोटात न जाण्याने, आणि बिअर हे त्यामागचे एक कारण असू शकते, एकमेव कारण म्हणून ते सिद्ध होत नाही. हा फरक सांगितला तर मजा कमी होते असे वक्त्यांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. टाळी मिळाल्यावर 'आता थांबा, विहीर विसरू नका' असे म्हणणारा वक्ता श्रोत्यांना जास्त आवडतो, कारण पुरावा कसा तोलतात हे त्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळते. तुम्ही संशोधक आहात आणि या खोलीत तुमच्याकडूनच ते अपेक्षित आहे.

मांडणीबाबत मी मराठी वक्त्यांना नेहमी कीर्तनाची आठवण करून देतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण येते आणि उत्तररंगात आख्यान. देवळात बसलेला श्रोता रात्र रिकामी ठेवून आलेला असतो, म्हणून त्याला आधी तत्त्व चालते. पबमध्ये हा क्रम फिरवावा लागतो. आख्यान आधी, निरूपण नंतर. पटकीचे जिवाणू आतड्यात काय करतात, विष कसे सोडतात, शरीरातील पाणी कसे निघून जाते आणि मीठ-साखरेच्या पाण्याने माणूस कसा वाचतो, हे सर्व तुम्हाला सांगायचे असणारच, आणि सांगाच. पण हॅम्पस्टेडच्या बाटलीनंतर सांगा. तेव्हा श्रोत्यांना ते हवे असते. आपल्याकडे १८७५ पासून चालत आलेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेसारखी परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान आहे; तरी तिथून अंगवळणी पडलेली दीर्घ प्रास्ताविके, पाहुण्यांचा परिचय आणि विषयाची व्याप्ती सांगणारी पहिली पाच मिनिटे इथे आणू नका. पहिले वाक्य उच्चारताना आपण १८५४ च्या ऑगस्टमध्ये असले पाहिजे.

नवलाच्या गोष्टींविषयी मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण या क्षेत्रात ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. लंडनच्या पबमधील व्याख्यानांत १८१४ च्या 'बिअरच्या पुराची' कथा फार लोकप्रिय आहे. टॉटनहॅम कोर्ट रोड आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, आज जिथे डॉमिनियन थिएटर आहे तिथे, म्यू कंपनीचा बिअरचा कारखाना होता. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दुपारी तिथल्या सुमारे बावीस फूट उंचीच्या लाकडी हौदाभोवतीचा एक लोखंडी पट्टा निसटला. पट्टे अधूनमधून निसटत असत, म्हणून काही बिघडणार नाही असे ठरले. तासाभराने हौद फुटला, कारखान्याची मागची भिंत कोसळली आणि काळ्या बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत शिरला. आठ जण मेले, आणि त्या सर्व स्त्रिया व मुले होती. त्यांतील काही जण आदल्या दिवशी वारलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या प्रेताजवळ तळघरात बसले होते. चौकशीत हा निव्वळ अपघात ठरला. कंपनीला बिअरवर भरलेला कर परत मिळाला. मेलेल्यांच्या घरच्यांना मात्र शेजारच्या वर्गणीवर अवलंबून राहावे लागले.

ही कथा मी जेव्हा प्रथम एका वक्त्याकडून ऐकली तेव्हा ती 'रस्त्यात फुकट बिअर, लोक भांडी घेऊन धावले' अशी सांगितली गेली आणि खोलीत हशा पिकला. लोक पिऊन झिंगल्याचे वर्णन त्या काळच्या वृत्तपत्रांत सापडत नाही, ते पुढे कधीतरी चिकटले आहे. त्या रात्री माझ्या शेजारी बसलेल्या एका आयरिश गृहस्थांनी ग्लास खाली ठेवला आणि ते शांतपणे म्हणाले, "ती आमची वस्ती होती." सेंट जाइल्सच्या त्या गल्ल्यांत गरीब आयरिश स्थलांतरित मोठ्या संख्येने राहत. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वक्त्याला मी विचारतो की, तुमच्या कथेत जो मेला त्याच्या घरातील कोणी समोर बसले असेल तर हे वाक्य असेच म्हणाल का? ब्रॉड स्ट्रीटच्या कथेलाही हे लागू आहे. तिथले स्थानिक धर्मोपदेशक रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड यांनी साथीचा जो आरंभ शोधला तो ब्रॉड स्ट्रीटवरील ४० क्रमांकाच्या घरातील एका तान्ह्या मुलीच्या आजारात होता, आणि तिचे लंगोट धुतलेले पाणी ज्या खड्ड्यात टाकले जाई तो पंपाच्या विहिरीला लागूनच होता. हे सांगताना आवाज खाली आला पाहिजे. हसू यावे तिथे जरूर येऊ द्या, मात्र ते हवेच्या सिद्धान्ताला चिकटून बसलेल्या थोरामोठ्यांवर यावे, त्या आईवर येऊ नये.

श्रोत्यांच्या हातात ग्लास आहे याचा तुम्हाला उपयोगच करून घेता येतो. माझ्या संध्याकाळी एकदा एका भौतिकशास्त्रज्ञाने सर्वांना गिनेस या काळ्या बिअरचा ताजा ग्लास डोळ्यांच्या पातळीवर धरायला सांगितले आणि विचारले, बुडबुडे कुठे चालले आहेत? काचेला लागून असलेले बुडबुडे स्पष्टपणे खाली जाताना दिसतात. बुडबुडा हलका, मग तो खाली कसा जाईल? पुढची दीड-दोन मिनिटे, फेस बसेपर्यंत, खोलीत कोणी बोलले नाही. कारण असे आहे की तो ग्लास तळाशी अरुंद आणि वर रुंद असतो; बुडबुडे सरळ वर जातात तसे तिरक्या भिंतीलगतच्या बिअरमध्ये बुडबुडे कमी उरतात, ती बिअर जड होऊन भिंतीवरून खाली घसरते आणि आपल्याबरोबर बारीक बुडबुडे ओढून नेते, तर मधोमध सर्व काही वर चाललेले असते. त्या संध्याकाळी फळ्यावर एकही समीकरण नव्हते, तरी अभिसरण म्हणजे काय ते सत्तर माणसांनी पाहिले. तुमच्या विषयासाठी मी पाण्याची दोन सारखी काचेची भांडी सुचवीन: दोन्हीत नळाचे पाणी, एकात दिसणार नाही इतकेच मीठ. आधी लोकांना नुसते पाहून ओळखायला सांगा. ब्रॉड स्ट्रीटचे पाणी स्वच्छ दिसे आणि चवीला चांगले लागे म्हणूनच दूरदूरचे लोक ते नेत, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चाखायला मात्र कोणाला देऊ नका. पबचे नियम त्याबाबत कडक असतात.

तांत्रिक बाबींविषयी थोडक्यात सांगतो. स्लाइड दहाच्या आत ठेवा आणि प्रत्येकीवर एकच चित्र असू द्या, कारण पबच्या वरच्या खोलीत पडदा बहुधा बारीक असतो आणि खांबामागे दोन टेबले असतातच. नकाशाची स्लाइड पूर्ण दाखवू नका. पंप, वर्कहाउस आणि कारखाना एवढाच तुकडा मोठा करून घ्या. माइक हातात धरायचा असेल तर रिमोट दुसऱ्या हातात धरण्याचा सराव घरी करा. तासभर आधी जाऊन काउंटरवरच्या माणसाला भेटा आणि तुमच्या वीस मिनिटांत बर्फाचे यंत्र व ग्लास धुण्याचे यंत्र बंद ठेवता येईल का ते विचारा. नम्रपणे विचारले तर ते नेहमी ऐकतात.

मध्यंतर हा कार्यक्रमाचा अर्धा भाग आहे. बोलणे झाल्यावर लगेच प्रश्न घेतले तर तेच ते तीन धीट लोक विचारतात. पंधरा मिनिटांची सुट्टी देऊन मग प्रश्न घेतले तर टेबलाटेबलावर चर्चा होऊन प्रश्न पिकतात. त्या पंधरा मिनिटांत मोबाइल पाहत कोपऱ्यात बसू नका, टेबलांवरून फिरा. माझ्याकडे आलेले सर्वोत्तम प्रश्न असेच मिळाले. जलवाहिन्या बसवणाऱ्या एका निवृत्त कारागिराने व्हिक्टोरियन काळातील विटांच्या खड्ड्यांची जोडणी कशी निकामी होत असे ते आम्हाला हाताने दाखवले होते, आणि त्या रात्रीचा वक्ता, जो प्राध्यापक होता, ते वहीत उतरवून घेत होता. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि ते कशावरून शोधता येईल तेही सांगा. जास्त प्यालेला एखादा श्रोता मधेच बोलू लागला तर त्याला उत्तर देण्याची जबाबदारी तुमची नाही, ती सूत्रसंचालकाची आहे. आयोजकांशी हे आधीच ठरवून घ्या.

मद्य न घेण्याविषयी मुळीच संकोच बाळगू नका. हातात लिंबू-सोडा घेऊन बोलणारे वक्ते मी डझनावारी पाहिले आहेत, आणि श्रोत्यांतही न पिणारे पुष्कळ असतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेला 'चाय अँड व्हाय?' हा उपक्रम जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी चहावर चालतो आणि तिथे लहान मुलेही प्रश्न विचारतात. शिवाय तुमच्या कथेचे नायक जॉन स्नो हे आयुष्यातील बराच काळ मद्य वर्ज्य मानणारे होते, आणि तरीही त्या जागेशेजारच्या पबला आज त्यांचेच नाव आहे. हे सांगून बोलणे सुरू केलेत तर तुमच्या ग्लासात काय आहे याची चर्चा तिथेच संपेल.

तयारी करताना एक मोह होईल, तो आधीच सांगून ठेवतो. पटकी म्हटले की तुम्हाला कोलकात्यात १८८४ मध्ये तिचा जिवाणू वेगळा करणारे रॉबर्ट कॉख आठवतील, तिथेच पटकीच्या लसीचे प्रयोग करून पुढे मुंबईला आलेले आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन आठवतील, आणि परळच्या हाफकिन संस्थेपर्यंत गोष्ट न्यावीशी वाटेल. मलाही तसेच वाटले असते. त्यासाठी दुसरी संध्याकाळ मागून घ्या. या वेळी ब्रॉड स्ट्रीट सोडू नका.

व्याख्यानाच्या आधी एखाद्या दुपारी तिथे प्रत्यक्ष जाऊन या. रस्त्याचे नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट आहे आणि दांडा नसलेल्या पंपाची प्रतिकृती तिथे उभी आहे. पंपापासून पोलंड स्ट्रीटपर्यंत, जिथे वर्कहाउस होते, नेहमीच्या चालीने चालत जा आणि किती पावले झाली ते मोजा. तो आकडा कोणत्याही पुस्तकातून घेऊ नका. तुमच्या पायांनी मोजलेला आकडा तुमच्या तोंडून ऐकला की खोलीतील प्रत्येक जण मनातल्या मनात ते अंतर चालून पाहील.